गॅरेजच्या शटरची चेनवाली मोटर चालत नसेल तर नवीन घ्यायच्या आधी एवढं बघा

गेल्या चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या, आदल्या दिवशी संध्याकाळी गोव्यात पर्वरीहून ओळखीच्या एका काकांचा फोन आला. गॅरेजचं शटर अर्ध्यावर अडकलंय, गाडी आत, माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळा-भाज्यांचं) सामान आणायला म्हापशाला जायचंय, आणि दुपारी येऊन गेलेला मेकॅनिक म्हणतो मोटर जळली, नवीन बसवा. मी डिचोलीहून निघून पोचलो, बटण दाबलं तर मोटर नुसती गुणगुणत होती. जळल्याचा वास नाही, बॉडी कोमट. कॅपॅसिटर, म्हणजे मोटरला फिरायला जोर देणारा छोटा भाग, काढून मीटरवर लावला, वर छापलेलं २० मायक्रोफॅरड आणि मीटर दाखवतोय ११. म्हापशाच्या दुकानातून दुसरा आणला, काही शे रुपयांचा, आणि रात्री आठच्या आत शटर वर-खाली व्हायला लागलं.

हे लिहायला बसलो कारण असं दर पावसाळ्यात बघतो. मोटर चांगली असते आणि लोक ती काढून नवीन घेतात. शटरमध्ये मोटर हा खरं तर सगळ्यात शेवटी बिघडणारा भाग आहे, त्याआधी चेन, चॅनल, कॅपॅसिटर, लिमिट (शटर ठरल्या जागी थांबवणारा स्विच), बटण हे सगळं बिघडतं, आणि यातलं बरंचसं घरच्या घरी ओळखता येतं. सगळंच स्वतः करा असं म्हणत नाही, पण नेमकं काय बिघडलंय हे कळलं की मेकॅनिकशी नीट बोलता येतं.

मी बोलतोय ते आपल्याकडच्या नेहमीच्या रोलिंग शटरबद्दल, ज्याला बाजूला भिंतीवर मोटर बसवलेली असते, मोटरच्या तोंडावर छोटं स्प्रॉकेट (दातेरी चाक), वरच्या पाइपच्या टोकाला मोठं स्प्रॉकेट, आणि दोघांमध्ये सायकलच्या चेनसारखीच पण जाडी चेन. याला साइड मोटर म्हणतात. मोटरच्या मागच्या बाजूला ब्रेक असतो, अंगावर कुठेतरी लिमिट स्विचची डबी, आणि लाइट गेल्यावर हाताने फिरवायला लोंबणारी पातळ हातचेन. काही नव्या बंगल्यांत छताला रेल लावून पूर्ण दरवाजा वर सरकणारे परदेशी पद्धतीचे ओपनर पण आलेत, त्यांचं पुढे सांगतो.

सगळ्यात आधी एक गोष्ट, आणि ही न वाचता पुढे जाऊ नका. चेनला हात लावायच्या आधी शटर पूर्ण खाली, जमिनीला टेकलेलं पाहिजे. हाताने ढकलायच्या जुन्या शटरला पाइपमध्ये स्प्रिंग असतात, त्या वजन तोलून धरतात. मोटरवाल्या शटरला बऱ्याचदा स्प्रिंग नसतातच, म्हणजे सगळं वजन त्या एका चेनवर आणि ब्रेकवर लटकलेलं असतं. १० बाय ८ फुटांचं १८ गेजचं शटर सहज ८०-१०० किलोच्या घरात जातं. ते वर असताना कोणी चेनचं लॉक काढलं किंवा मोटरचे बोल्ट ढिले केले तर ते क्षणात खाली येतं, खाली हात असो की डोकं. वर अडकलंच असेल तर हातचेन ओढून खाली आणा. हातचेनपण चालत नसेल तर दोन्ही बाजूंना जाड लाकडी वासे किंवा लोखंडी पाइप उभे ठोका, खालच्या अँगलला घट्ट टेकतील असे, आणि मग माणूस बोलवा. गाडीचा जॅक लावून भागवू नका, तो कलंडतो.

दुसरं लाइटचं. मोटरचा एमसीबी बंद करा, नुसतं बटण बंद करून चालत नाही. घरात कोणी तो परत वर करू नये म्हणून त्यावर चिकटपट्टी लावा, मी लावतोच. कॅपॅसिटरला लाइट बंद केल्यावरही चार्ज राहतो, त्याच्या दोन टोकांना होल्डरमधला साधा पिवळा बल्ब लावून तो रिकामा करायचा, मगच बोट लावायचं. पावसात ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून हे काम करायचं नाही, चप्पल घाला, खाली कोरडी फळी ठेवा. आणि मोटरच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळायला लागला की लाइन तोडणारा स्विच) नसेल तर बाकी दुरुस्ती राहू द्या, आधी तो बसवून घ्या. आपल्याकडे मे महिन्यात चिऱ्याची जमीन कोरडी ठणठणीत होते, तेव्हा अर्थिंग कमजोर पडतं, अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतत राहावं लागतं, आणि लोखंडी शटर म्हणजे अख्खी भिंतभर हात लावायची जागा.

आता बिघाड ओळखायचा कसा. मी पहिल्यांदा काहीच उघडत नाही, बटण दाबून नुसतं ऐकतो. वरचं बटण दाबा, दोन सेकंद ऐका, सोडा. मग खालचं.

अजिबात आवाज नाही, दोन्ही बटणांना नाही, तर करंट पोचतच नाहीये. एमसीबी पडलाय का, आरसीसीबी पडलाय का, बाजूच्या सॉकेटला लाइट आहे का. चावीवाला स्विच असेल तर चावी फिरवून बघा, समुद्राजवळच्या घरांत त्या चावीच्या आत हिरवट थर धरतो आणि संपर्कच होत नाही. आणि तुम्ही नुकतंच शटर चार-पाच वेळा वर-खाली केलं असेल, मुलांनी खेळ केला असेल, तर मोटरच्या आतला थर्मल कट, म्हणजे तापल्यावर करंट तोडणारा स्विच, पडलेला असू शकतो. या मोटरा पंख्यासारख्या सतत चालायला बनवलेल्याच नसतात, काही मिनिटं चालून थांबायच्या हिशोबानेच असतात. बॉडीला हात लावून बघा, चटका बसत असेल तर अर्धा-पाऊण तास सोडून द्या, गार झाली की आपोआप चालू होते. असल्या मोटरला जळली म्हणून उतरवलेलं मी बघितलंय, फार वाईट वाटतं.

एका दिशेला चालते, दुसऱ्या दिशेला काहीच नाही, तर खूश व्हा, मोटर शंभर टक्के बरी आहे. वर जातंय म्हणजे वायंडिंग (आतली तारेची गुंडाळी), कॅपॅसिटर, ब्रेक सगळं ठीक. गडबड आहे ती त्या दिशेच्या बटणात, रिलेत, किंवा लिमिट स्विचमध्ये.

दोन्ही दिशांना गुणगुणते पण फिरत नाही, काकांच्या मोटरसारखी, तर चार गोष्टी. पहिली, व्होल्टेज. मल्टिमीटर लावा, आणि मोटर चालू करताना लावा, नुसता सॉकेट मोजून उपयोग नाही कारण लोड आल्यावर खाली जातो. २३० असायला पाहिजे. गावातल्या लाइनच्या टोकाला, संध्याकाळी सगळ्यांचे पंप आणि एसी चालू असताना १८० पर्यंत उतरलेलं मी स्वतः मोजलंय. आता हिशोब बघा, असल्या मोटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात पडते, म्हणजे १८० ला ती जवळजवळ ६० टक्क्यांवर येते. ४० टक्के ताकद गेली तर ती शटर कुठून उचलणार. सकाळी चालतं आणि संध्याकाळी चालत नाही अशी तक्रार असली की मला आधी हेच आठवतं. मीटरपासून गॅरेजपर्यंत लांब पातळ वायर ओढली असेल तर ती पण व्होल्टेज खाते, जाडी वायर टाकून घ्या.

दुसरी गोष्ट कॅपॅसिटर. फुगलेला, तडकलेला, तेल गळलेला दिसला तर विचारच करायचा नाही. पण नीट दिसला म्हणून चांगला असं पण नाही. कॅपॅसिटन्स मोजणारा मीटर हजारच्या आसपास मिळतो, नसेल तर पंखे दुरुस्त करणारा कोणीही मोजून देईल. छापलेल्या आकड्यापेक्षा १० टक्क्यांहून जास्त खाली आला असेल तर बदला. नवीन घेताना मायक्रोफॅरड तेवढेच पाहिजेत, जास्तीचा लावला की जोर वाढतो असं समजून २० च्या जागी ३६ लावणारे लोक आहेत, त्याने वायंडिंग तापून खरंच जळतं. व्होल्ट जुन्याएवढे किंवा जास्त, सहसा ४४० असतात.

तिसरी, ब्रेक. मोटरला करंट मिळाला की मागच्या ब्रेकचं चुंबक ओढलं जातं आणि एक स्वच्छ टक् आवाज येतो. गुणगुण आहे पण टक् नाही, तर ब्रेक सुटत नाहीये, मोटर आपल्याच ब्रेकशी भांडतेय. आतला रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा भाग) गेला असेल, कॉइल गेली असेल, किंवा नुसता गंज धरून डिस्क चिकटली असेल, बंद बंगल्यांत चार महिने शटर हललं नाही की हमखास होतं. शटर खाली टेकलेलं असताना ब्रेकची दोरी ओढून हातचेन फिरवून बघा. सहज फिरली तर ब्रेक मोकळा होतोय, अडचण त्याच्या करंटची आहे. ब्रेक उघडायचं काम मात्र माहितगाराकडूनच करून घ्या, शटरचं वजन त्याच्या भरवशावर आहे.

आणि चौथी गोष्ट मोटरमध्ये नाहीच, चॅनलमध्ये आहे. दोन्ही बाजूंच्या उभ्या चॅनलमध्ये शटरच्या पट्ट्या सरकतात, तिथे गंज, पालापाचोळा, गाडी घासून वाकलेला कोपरा, काहीही असू शकतं. हातचेनने शटर फिरवून बघा. सगळीकडे सारखाच जोर लागतोय की एका ठिकाणी येऊन जड होतंय? जड होतं तिथे खडूने खूण करा, बिघाड तिथे आहे. चॅनल ब्रशने साफ करा, मग सिलिकॉनचा स्प्रे मारा किंवा साधी मेणबत्ती घासा. ग्रीस आणि गाडीतून काढलेलं काळं ऑइल चॅनलमध्ये घालू नका, डिचोली-साखळीच्या बाजूला जी लाल धूळ उडते ती त्यात बसते आणि त्याचा सँडपेपर होतो.

आता चेन, कारण आवाजाच्या बहुतेक तक्रारी हिच्याच. कट् कट् असा आवाज, मध्येच एक झटका, शटर सुरू होताना आधी चेन ताणली जाते आणि मग हिसका बसून वर जातं. हे सगळं ढिल्या किंवा झिजलेल्या चेनचं लक्षण, आणि ढिली व झिजलेली यात फरक आहे, तो ओळखल्याशिवाय ताणत सुटू नका.

शटर खाली, एमसीबी बंद. चेनच्या ढिल्या बाजूला मधोमध अंगठ्याने दाबा. मोटर आणि पाइप यांच्यात हातभर अंतर असेल तर ८-१० मिलिमीटर हलली पाहिजे, साधारण करंगळीच्या जाडीएवढी. अजिबात हलत नसेल तर ती फार ताणलीये, तीही चूक, त्याने बेअरिंग खातात आणि मोटरच्या शाफ्टवर लोड येतो. जास्त लोंबत असेल तर मोटरच्या बेसचे चार बोल्ट थोडे ढिले करा, बेसला लांबट खाचे असतात, त्यात मोटर सरकवून चेन ताणा, बोल्ट तिरप्या जोडीने थोडे थोडे आवळा. मग हातचेनने पूर्ण एक फेरा फिरवून परत दाबून बघा, कारण जुनी चेन एका जागी घट्ट आणि दुसऱ्या जागी ढिली असते. ताण घट्ट जागेवर बघून ठेवायचा.

झीज मोजायला टेप पुरेसा आहे. या मोटरांवर बऱ्याचदा पाच सूत पिचची (पिच म्हणजे एका पिनपासून पुढच्या पिनपर्यंतचं अंतर), म्हणजे १५.८७५ मिलिमीटरची चेन असते, लहान मोटरला अर्ध्या इंचाची, म्हणजे १२.७ ची. पाच सूतवाल्या चेनच्या १६ कड्या नव्या असताना बरोबर २५४ मिलिमीटर, म्हणजे १० इंच भरतात. चेन ताणून धरून एका पिनच्या मध्यापासून सोळा कड्या मोजून पुढच्या पिनच्या मध्यापर्यंत माप घ्या. २५९ च्या वर गेली तर दोन टक्के वाढली, मी इथेच बदलतो. अर्ध्या इंचाच्या चेनला २० कड्या २५४ भरतात, बाकी हिशोब तोच. कॅटलॉगमध्ये तीन टक्क्यांपर्यंत चालते म्हणून सांगतात पण आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि वर खारी हवा, आतून गंजलेली कडी बाहेरून दिसत नाही, आणि ही चेन गाडी ओढत नाहीये, माणसाच्या डोक्यावर वजन धरून आहे.

मडगावला एका घरी चेनवर जाड ग्रीसचा थर होता, वरून छान काळीकुळकुळीत. कापडाने पुसून एक कडी हातात घेऊन वाकवली तर ती वाकलेलीच राहिली, सरळ होईना, आणि पिनच्या कडेने चहाच्या भुकटीसारखी लालसर पूड गळली. ती पूड म्हणजे पिन आणि बुश यांच्या मध्ये धातू झिजून गंजून झालेला भुगा. वरून ग्रीस थापलं की ते आत जात नाही, उलट आतली ओल आतच राहते. चेनला पातळ तेल लागतं जे कड्यांच्या फटीतून आत उतरेल, चेन लुब मिळतं ते किंवा ९० नंबरचं गिअर ऑइल ब्रशने आतल्या बाजूने थेंब थेंब सोडायचं, दहा मिनिटं थांबायचं आणि बाहेरचं सगळं कापडाने पुसून टाकायचं. डब्ल्यूडी-४० गंज सोडवायला आणि पाणी हटवायला उत्तम आहे पण ते मारून सोडून देऊ नका, थोड्या दिवसांत उडून जातं आणि चेन कोरडी पडते, त्याने साफ करा आणि मग तेल घाला.

चेन बदलायचीच असेल तर दोन्ही स्प्रॉकेट बघा. दात सरळ टोकदार न राहता एका बाजूला आकड्यासारखे वाकलेले दिसले तर तेही बदला, नाहीतर नवी चेन त्या दातांवर लवकर खराब होईल. स्प्रॉकेट शाफ्टवर धरून ठेवणारा ग्रब स्क्रू आणि चावी (शाफ्टच्या खाचेतली लोखंडी पट्टी) घट्ट आहे का तेही त्याच वेळी, तो ढिला झाला की स्प्रॉकेट शाफ्टवर सरकतो आणि चेन तिरकी पळते. दोन्ही स्प्रॉकेटच्या तोंडावर सुतळी ताणून धरा किंवा सरळ पट्टी लावा, चारही ठिकाणी टेकली पाहिजे. नवीन चेन जुन्याच पिचची आणि त्याच रुंदीची घ्या, दुकानात जुनी चेन घेऊनच जा. मोटरसायकलची जुनी चेन लावून भागवलेली शटरं मी उतरवली आहेत, कृपा करून असं करू नका. चेनच्या जोडकडीला जो स्प्रिंगचा लॉक असतो, माशासारखा दिसतो, त्याची बंद बाजू शटर वर जाताना चेन ज्या दिशेला धावते त्या दिशेला ठेवायची. उघडी बाजू पुढे आली आणि कुठे घासली तर लॉक निघून पडतो. लांबी जुळत नाही म्हणून अर्धी कडी घालतात ती सर्वात कमजोर कडी होते, त्यापेक्षा मोटर थोडी सरकवून पूर्ण कडीवर जुळवा. काम झाल्यावर चेनवर पत्र्याचं गार्ड परत बसवा, ते काढून कोपऱ्यात टाकून देऊ नका, लहान मुलाचं बोट जायला एवढी जागा पुरते.

शटर भलत्याच जागी थांबत असेल, वर हूडला (शटरची गुंडाळी झाकणाऱ्या पत्र्याला) जाऊन आपटत असेल, किंवा खाली टेकल्यावरही मोटर चालूच राहून पट्ट्या पोट काढत असतील तर लिमिट. पट्ट्यांचा पोट काढायचा प्रकार लगेच थांबवा, कारण मोटर थांबली नाही तर पाइप उलटा गुंडाळायला लागतो आणि खाली म्हणून दाबलेलं शटर उलट्या बाजूने वर चढतं, तेव्हा पट्ट्या वाकतात. डबी उघडली की आत एक आट्यांचा दांडा, त्यावर सरकणारे दोन नट किंवा चकत्या आणि दोन्ही बाजूंना एकेक छोटा मायक्रोस्विच दिसेल. दांडा शटरबरोबर फिरतो, नट सरकत जाऊन स्विच दाबतो, शटर थांबतं, एवढंच. नट थोडा फिरवला की थांबायची जागा बदलते. एका वेळी एक-दोन खाचेच फिरवा आणि शटर मध्यावर आणून मग ट्राय करा, थेट टोकाला नाही, आणि एक माणूस स्टॉपच्या बटणावर बोट ठेवून उभा पाहिजे. खालची लिमिट अशी ठेवा की अँगल जमिनीला नुसता टेकेल. शेवटी नटाची लॉकपट्टी बसवायला विसरू नका, हादऱ्याने नट सरकतो आणि आठ दिवसांत परत तेच.

नट हलवायच्या आधी डबीत नीट बॅटरी मारून बघा पण. कुंभारीण माशीला या डब्या फार आवडतात. हळदोण्याला एका डबीत तिने मायक्रोस्विचच्या पात्यालाच मातीचं घर चिकटवलं होतं, बोटाच्या पेराएवढं, त्यामुळे पातं कायमचं दाबलेलं आणि शटर खाली जायलाच तयार नाही. रंगाच्या सुक्या ब्रशने माती काढली, स्विच टिक टिक वाजला, काम झालं. मुंग्या, पालीची अंडी, सगळं सापडतं. वायर आत जाते त्या भोकाला रबरी ग्रोमेट लावा किंवा सिलिकॉन भरा.

बटण सोडल्यावर शटर थांबतं पण हळूहळू खाली सरकत राहतं, सकाळी बघावं तर वीतभर खाली आलेलं, तर ब्रेकचं लायनिंग झिजलंय किंवा त्यावर तेल उतरलंय. हे आजच्या आज दाखवायचं काम आहे. तोपर्यंत शटर पूर्ण खाली ठेवा, त्याच्याखाली गाडी उभी करू नका, मुलांना जाऊ देऊ नका.

गोदामात, वर्कशॉपमध्ये थ्री फेज मोटर असेल तर एक वेगळाच धोका आहे. ट्रान्सफॉर्मरवर किंवा मीटरवर काम झालं आणि दोन फेज अदलाबदल झाले तर वरचं बटण दाबल्यावर शटर खाली जातं. नुसतं उलटं चाललंय, बटणं उलटी समजून घेऊ असं म्हणू नका, कारण लिमिटपण उलट्या झालेल्या असतात, शटर खाली जाऊन टेकलं तरी वरची लिमिट त्याला थांबवत नाही. मेन बंद करून मोटरच्या कोणत्याही दोन फेजच्या वायरी इलेक्ट्रिशियनकडून अदलाबदल करून घ्यायच्या. लाइनचं काम झाल्यावर पहिल्यांदा शटर चालवताना मध्यावरच बटण दाबून दिशा बघायची, ही सवय लावून घ्या.

रिमोटचं फार नाही. भिंतीवरच्या बटणाने चालतं आणि रिमोटने नाही, तर आधी सेल. आतला छोटा १२ व्होल्टचा सेल असतो, लाल दिवा लागतोय म्हणून सेल चांगला असं नाही, दिव्याला कमी पुरतो. सेल नवीन टाकूनही अगदी जवळ गेल्यावरच चालत असेल तर रिसीव्हरच्या अँटेनाची वायर बघा. ४३३.९२ मेगाहर्ट्झचा रिमोट असेल तर ती १७ सेंटीमीटरच्या आसपास असते, कोणीतरी ती कापलेली किंवा पत्र्याच्या डबीत गुंडाळून कोंबलेली असते, सरळ बाहेर काढा. जवळ नवीन स्वस्त एलईडी बल्ब लावल्यापासून रेंज गेली असेल तर बल्ब बंद करून ट्राय करा, खरंच फरक पडतो. रिमोट हरवला असेल तर नुसता नवीन जोडू नका, रिसीव्हरची मेमरी पूर्ण पुसून घरातले सगळे रिमोट परत शिकवा, नाहीतर हरवलेला रिमोट ज्याच्या हाती लागेल त्याला तुमचं गॅरेज उघडं.

आता छतावरच्या रेलवाल्या ओपनरचं. तिथे मोटर गॅरेजच्या छताला मागे असते, चेन रेलमधून पुढे-मागे फिरते आणि एका ट्रॉलीला ओढते, ट्रॉली दरवाजाला. तिथली पहिली परीक्षा अशी, दरवाजा खाली असताना लाल दोरी ओढून ट्रॉली सोडवा आणि दरवाजा हाताने उचला. एका हाताने उचलला गेला आणि अर्ध्यावर सोडल्यावर तिथेच थांबला तर दरवाजा ठीक, बिघाड ओपनरमध्ये. जड लागला किंवा धाडकन खाली आला तर स्प्रिंग गेलीये, ओपनरला दोष देऊ नका, आणि त्या पिळाच्या स्प्रिंगला तुम्ही स्वतः पाना लावू नका, त्यात हात मोडण्याइतका जोर भरलेला असतो. मोटर फिरल्याचा आवाज येतो पण चेन जागची हलत नाही आणि कव्हर उघडल्यावर आत पांढरा भुगा दिसतो, तर नायलॉनचा गिअर झिजलाय, तेवढाच गिअर बदलता येतो. चेन मध्यावर थोडी झोळ घेतलेली असणारच, रेलच्या तळापासून अर्धा इंच वर राहील एवढी, ती तारेसारखी ताठ करायची नाही. दरवाजा खाली येऊन परत वर जात असेल तर खाली दोन बाजूंच्या सेन्सरच्या काचा पुसा, कोळ्याचं जाळं एवढं कारण पुरतं.

त्या सेन्सरबद्दल मला खरंच मनापासून सांगायचंय. अमेरिकेत घरगुती गॅरेजच्या नव्या ओपनरला १९९३ पासून असा सेन्सर किंवा अडथळा ओळखणारी तशीच दुसरी सोय सक्तीची आहे, कारण तिथे मुलं चिरडून गेली होती. आपल्या साइड मोटरला ती बहुतेक वेळा नसतेच, खाली काहीही असो, लिमिट येईपर्यंत ती ढकलत राहते. बऱ्याच रिसीव्हर बोर्डवर सेन्सर जोडायची जागा असते, नुसती वापरलेली नसते. जमिनीपासून वीतभर उंचीवर समोरासमोर एक जोडी लावून घ्या. तोपर्यंत शटर दिसत नसताना, घरातून किंवा रस्त्यावरून, खालचं बटण दाबायचं नाही.

मे च्या शेवटच्या आठवड्यात, पाऊस लागायच्या आधी, मी माझ्या ओळखीच्या घरांत एक चक्कर मारतो. चॅनल साफ, चेन पुसून तेल, टेपने १६ कड्या, मोटरच्या बेसचे बोल्ट, लिमिटच्या डबीचं झाकण, आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून तो पडतो का, आणि वरच्या हूडमधून पाणी मोटरवर गळतंय का. पाणी वायरीवरून वाहत मोटरमध्ये जातं, म्हणून वायर आत शिरायच्या आधी तिला खाली एक झोळ द्यायचा, थेंब तिथूनच गळून पडतो. शेवटी घरातल्या प्रत्येकाला, आजीसकट, एकदा एमसीबी बंद करून हातचेन ओढायला लावतो. काकांकडे त्या दिवशी हातचेन होती, पण नीट दिसावं म्हणून रंगवाल्याने ती गुंडाळून हूडच्या मागे तारेने बांधून टाकली होती. शिडी लावून तार कापली, चेन ओढली, शटर वर गेलं, गाडी बाहेर निघाली, आणि मी कॅपॅसिटरला हात लावायच्या आधीच काकू सामान आणायला म्हापशाला निघाल्या होत्या.